काळ्या पेन्सिलीवाचून

१

दुपारची भांडी विसळून पालथी घातली की मी हात दोनदा पुसायची. हाताला ओल राहिली तर कागद फुगतो आणि फुगलेल्या कागदावर रंगाचे डाग पडतात. मग जेवणाच्या टेबलाशी स्टूल ओढून बसायची. उजेड डावीकडून यावा लागतो, नाहीतर आपल्याच हाताची सावली कागदावर पडते. म्हणून मी अशी बसायची की खिडकी डाव्या हाताला यावी. तसं बसलं की आतल्या खोलीचं दार पाठीमागे जायचं. ते दार मी सताड उघडं ठेवायची. आत हे झोपलेले असायचे. त्यांचा श्वास ऐकू येत राहिला की माझा हात स्थिर चालायचा.

हे म्हणजे माझे यजमान. जन्मभर सुतारकाम केलं, आणि दारं बसवण्यात तर त्यांचा हातखंडा. आतल्या खोलीचं दारही त्यांनीच केलेलं. इतकं ओळंब्यात बसवलेलं, की जिथे सोडाल तिथे उभं राहतं. अर्ध्यावर सोडा, अर्ध्यावर. बोटभर सोडा, बोटभर. "वाऱ्याने हललं तर मला सुतार म्हणू नका," असं छाती ठोकून सांगायचे. घरी कोणी आलं की आधी ते दार हलवून दाखवायचे. मी म्हणायची, "अहो, माणसाला पाणी तरी पिऊ द्या."

मग मोठं ऑपरेशन झालं आणि ते अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, "वाट बघू." डॉक्टर असं म्हणतात तेव्हा त्यांच्याजवळ दुसरं काही उरलेलं नसतं, एवढं मलाही कळत होतं. पण मी मुळातच आशा न सोडणारी बाई. उपास, मौन, अळणी जेवण, काही ना काही नेम माझा चालूच असतो. वाट बघायची तर रिकाम्या हाताने कशाला, असं माझ्या मनात आलं.

२

रंगवायचं पुस्तक आणि पेन्सिलींचा पत्र्याचा डबा धाकट्या नणंदेने आणला. ती चार गल्ल्या सोडून राहते, आणि असल्या गोष्टींच्या वर्गाला जाते.

"मोठ्या माणसांसाठीच असतं हे, वहिनी. डोकं शांत होतं."

"माझं डोकं देवाने शांत ठेवलंय."

"मग देवाला थोडी सुट्टी दे."

आतून ह्यांचा आवाज आला. "तिची गाऱ्हाणी ऐकून ऐकून देवाचं दार एव्हाना आपोआप लागलं असेल!"

"मग ते तुम्ही बसवलेलं नसणार," मी म्हणाले.

हे हसले. टाके ओढले तसं पोट धरून पुन्हा हसले. किती तरी दिवसांनी त्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. ते पुस्तक शुभ आहे, असं मी तिथेच मनाशी ठरवून टाकलं.

नणंदेने मला सगळं शिकवलं. पेन्सिल दाबायची नाही. फिकट रंग आधी, गडद नंतर. एकावर एक पातळ थर द्यायचे, बारीक गोल गोल फिरवत, साय धरावी तसे. कागदाला बारीक दात असतात, ते रंग धरून ठेवतात. दात भरले की कागद गुळगुळीत होतो, मग वर काही म्हणता काही चढत नाही. जिथे चमक हवी तिथला कागद पहिल्यापासून कोरा राखायचा, कारण गेलेला पांढरा परत आणता येत नाही. आणि काळोख करायचा असेल तर काळ्या पेन्सिलीला हात लावायचा नाही.

"काळ्याने केलेला काळोख भोक पडल्यासारखा दिसतो," ती म्हणाली. "गडद निळा, वर तपकिरी, वर बाटलीचा हिरवा, पुन्हा निळा. असा केलास की त्यात खोली येते. बघणाऱ्याला वाटतं, आत जाता येईल."

मी नेम धरला. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रंगवायचं. एक पान गाळायचं नाही, एक अर्धवट सोडायचं नाही. हातातला थर पुरा होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही आणि जागेवरून उठायचं नाही. मागणं एकच: हे या पलंगावरून उठू देत.

"आणि मध्येच दादाने हाक मारली तर?" नणंदेने विचारलं.

"थर काही दिवसभर चालत नाही. तेवढं त्यांना ठाऊक आहे."

"मला चालेल," हे आतून म्हणाले. "इतकी वर्षं उत्तरं ऐकली. थोडी शांतता मिळेल."

आणि खरंच फरक पडत गेला. फुलांची पानं झाली, पक्ष्यांची झाली, जहाजाचं मोठं पान झालं, तोवर हे उशीला टेकून बसू लागले होते. वाटीभर सूप स्वतःच्या हाताने प्यायचे. डॉक्टरांनी मान हलवली, पण या वेळी वरखाली हलवली.

राहिलं होतं ते शेवटचं पान.

३

शेवटच्या पानावर एक खोली होती. एका कोपऱ्यातून दिसावी तशी. डावीकडे खिडकी, मध्ये पलंग, समोर एक दार. दार वीतभर उघडं, आणि त्या वीतभर फटीत छापलेली एकही रेघ नाही. नुसता कोरा कागद. पलंगावर कोणी नव्हतं.

मला आनंदच झाला. पलंग रिकामा म्हणजे माणूस उठला, बाहेर गेला. माझं मागणंच जणू कोणी छापून ठेवलं होतं. मग मी त्या खोलीला आपलेच रंग द्यायचं ठरवलं. ह्यांची निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चादर मी चौकडीला चौकडी जुळवून उतरवली. सुरकुती एकही ठेवली नाही. खिडकीला आमचाच मोहरीच्या रंगाचा पडदा, आणि खिडकीच्या दांडीवर उन्हाची चमक येते तिथे कागद कोरा राखला. दाराला आमच्याच दाराचा हिरवा रंग.

ह्यांना दाखवलं. चित्र दूर धरून बराच वेळ बघत राहिले.

"खोली आपलीच गं."

"आपलीच. तुम्ही उठून अंगणात गेलात."

"हे कुठून बघतंय माणूस? या खुर्चीतून?"

पलंगाशेजारी कोपऱ्यात वेताची खुर्ची होती, भेटायला येणाऱ्यांसाठी. चित्रात ती नव्हती. पुस्तक छापणाऱ्याला आमची खुर्ची कशी माहीत असणार, असं म्हणून मी हसले. मग फटीतला काळोख करायला टेबलाशी येऊन बसले.

पहिला थर निळ्याचा. तो पुरा करून मी आत गेले तेव्हा हे जागेच होते.

"मघाशी दारात उभी होतीस," ते म्हणाले. "आत का नाही आलीस?"

"मी कुठे उभी होते? टेबलाशी होते."

"मान कलती करून. चित्र रंगवताना करतेस तशी."

औषधांची गुंगी, मी मनात म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, कधी कधी भास होतील. मी चादर सारखी केली आणि त्यांना पाणी दिलं.

४

दुसरा थर तपकिरी. त्याच थरात मला त्या रेघा दिसल्या.

कागद कुठे दबलेला असला, कोणी कोऱ्या टोकाने वर दाबून काही ओढलेलं असलं, तर त्या खाचेत पेन्सिल शिरत नाही. वरून घसरत जाते. खाच पांढरी राहते. आजूबाजूला रंग फिकट असेल तोवर ती कळतही नाही. गडद होत गेलं की उठून दिसते. नणंदेने तेही सांगितलं होतं, आणि म्हणूनच प्रत्येक पानाखाली मी पुठ्ठा सरकवून बसायची, म्हणजे एका पानाचा दाब दुसऱ्यावर जाऊ नये.

दाराच्या कडेवर, कडीच्या जरा वर, चार आखूड रेघा होत्या. एकाखाली एक.

एखाद्या वेळी पुठ्ठा घालायला विसरले असेन. मागचं पान जहाजाचं होतं. मी ते उलटून उजेडाला धरलं, त्या जागी काय येतं ते बघितलं. त्या जागी आकाश होतं. आकाश मी पेन्सिलीची पूड कापसाच्या बोळ्याने पसरून केलं होतं, तिथे पेन्सिल टेकवलीही नव्हती.

छपाईत दबला असेल कागद. असंच असेल. यंत्रात काय काय होत असतं.

तिसरा थर दिला की रेघा झाकल्या जातील, असं वाटलं. पण थराने खाच भरत नसते. जितकं गडद करावं तितक्या त्या स्पष्ट होत होत्या. हिरव्याच्या थरात चार रेघांच्या मागे एक खांदा आला. खांद्यावर गळ्याची रेघ आली, एका बाजूला कललेली. मी पेन्सिल हलकी हलकी करत गेले, इतकी की कागदाला फक्त वारा लागावा. तरी ती रेघ येत राहिली.

थर अर्धा सोडता येत नव्हता. नेम माझाच होता.

तेवढ्यात आतून हे बोलले. "अगं, इतकी ढकलतेस कशाला? माझ्या दाराला जोर लागत नाही."

मला बोलायचं नव्हतं. मी मान वळवली नाही. राहिलेल्या कोपऱ्यात गोल गोल हिरवा फिरवत राहिले.

"आणि रडतेस कशाला?" ते म्हणाले. आवाज इतका मायेचा होता की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. थर संपला, मी उठले.

आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. बाकी लागलेलं होतं.

मी ते सताड उघडून बसले होते. वारा नव्हता. आणि असता तरी ते दार वाऱ्याचं ऐकणारं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आली. तिला मी दाराचं सांगितलं, रेघांचं नाही.

तिने दार हलवून पाहिलं. पाव, अर्धं, पाऊण. जिथे सोडलं तिथे ते उभं राहिलं.

"दादा, वय झालं तुझ्या दाराचं," ती म्हणाली.

"वय तुझं झालंय," हे म्हणाले. आवाज खोल गेला होता. त्या सकाळी त्यांनी सूप नको म्हटलं होतं. "दार वहिनीनेच ओढलं असेल. दिवसभर येते, उभी राहते, बघते. काल मात्र खुर्चीत बसली थोडा वेळ. बरं वाटलं. हात तेवढे गार होते."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. स्वयंपाकघरात येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, भासांना खोडून काढू नये. तू बसली होतीस असंच म्हण. आणि त्या चित्राला आता रामराम कर. थकलीस."

"एकच थर राहिलाय."

"मग माझ्यासमोर कर. मी बसते."

"तू बोलत राहशील."

"ते खरं," ती म्हणाली आणि हसली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, पान अर्धं राहिलं म्हणून देव कुणाचा नवरा नेत नाही."

तिचं बरोबर होतं. मला ते पटलंही. पण हे फुलांच्या पानांबरोबर उठून बसले होते, पक्ष्यांच्या पानांबरोबर जेवू लागले होते. इतकं देऊन झाल्यावर शेवटच्या थराशी मी हात आखडता घ्यायचा? ती गेल्यावर मी आतलं दार पूर्ण उघडलं आणि त्याला जड पाटा टेकवून ठेवला. ह्यांचा हात हातात घेतला.

"आज संपेल," मी म्हणाले. "मग तुम्ही उठायचं."

"तू सांगशील तसं," ते म्हणाले.

६

शेवटचा थर निळ्याचा. कागदाचे दात भरत आले होते, पेन्सिल मधूनमधून घसरायला लागली होती. खांदा, मान, कडेवरची चार बोटं. चेहऱ्याच्या जागी अजून काही नव्हतं. तिथला अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा तेवढा रंगवायचा राहिला होता.

मागे ह्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते बोलले.

"आलीस? बस."

वेताची खुर्ची कुरकुरली. कोणी अंग टेकावं तशी, आधी मोठ्याने, मग बारीक.

माझा हात चालूच होता. खुर्ची वाळली की कुरकुरते, मी म्हटलं. ऊन आलंय खोलीत. भासांना खोडून काढू नये.

"संपलं का तुझं चित्र?" हे म्हणाले. मग थांबले, समोरच्याचं ऐकताना थांबावं तितके. मग हसले, पोट न धरता, पूर्वीसारखे मोकळे. मी पेन्सिल घट्ट धरली. थोडंच राहिलं होतं. एवढं झालं की मी धावत जाणार होते.

"अगं पण," ते म्हणाले, "मग दारात ती कोण?"

मी उठले. नेम मोडला. अंगठ्याच्या नखाएवढा कागद कोरा राहिला, आणि मी उठले.

पाटा बाजूला सरकलेला होता. दार वीतभर उघडं होतं. मी कडेला बोटं घातली, कडीच्या जरा वर, आणि ढकललं. ते हललं नाही. ज्या दाराला एका बोटाने ढकललं तर पुरत होतं, त्याला मी सगळं अंग लावलं. फटीतून खोली दिसत होती. खिडकी, मोहरीच्या रंगाचा पडदा, दांडीवर उन्हाची पांढरी चमक. पलंगावर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चादर. एकही सुरकुती नव्हती. पलंगावर कोणी नव्हतं.

कोपरा फटीतून दिसत नाही. खुर्ची दिसत नाही. पण तिकडून कोणी तरी माझ्याकडे बघत होतं, एवढं मला कळलं. मान कलती करून मी आत डोकावत होते, दार ढकलत होते आणि रडत होते. मला बघणाऱ्याला मी कशी दिसत असेन हे मला नीट ठाऊक होतं. गेले कित्येक दिवस मी तेच रंगवत होते.

७

नणंद संध्याकाळी आली. तिने दार एका बोटाने उघडलं.

हे पलंगावरच होते. अंगावर चादर, तोंड खुर्चीकडे, उजवा हात पलंगाबाहेर आलेला, तळवा वर. कोणी तो हातात धरून नुकताच सोडावा तसा. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झालेला दिसत नाही. ते मला खरं वाटतं. त्या दिवसाचं तेवढंच मी नीट धरून ठेवलं आहे.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, तेव्हा नणंदेला टेबलावर ते चित्र सापडलं. ती ते बराच वेळ बघत राहिली.

"छान केलंस वहिनी," ती म्हणाली. "दारात स्वतःला काढलंस."

"मी नाही काढलं."

"मान तुझीच. मी ओळखणार नाही होय?" मग तिने बोट ठेवलं. "चेहरा तेवढा कोरा ठेवलास."

ती गेल्यावर मी तो तुकडा भरायला बसले. नेम मोडला तरी पान पुरं करावं, देव उशिरा आलेल्यालाही आत घेतो, असं मला वाटलं. पण कागदाचे दात भरले होते. निळा चढेना, तपकिरी चढेना. शेवटी मी काळी पेन्सिल घेतली. तीही घसरली. तिथलं पांढरं तसंच राहिलं.

आता दुपारची भांडी विसळली की मी टेबलाशी बसत नाही. आत जाते आणि वेताच्या खुर्चीत बसते. हात पुसलेले असले तरी गारच असतात, भांडी विसळल्याने. हे म्हणाले होते, हात गार होते. म्हणून मी आशा धरून आहे, की त्या दिवशी त्यांच्याजवळ जी बसली होती ती मीच असेन. कुठून तरी, कशी तरी, त्यांना एकटं न सोडता आले असेन. हात पलंगावर ठेवून मी वाट बघते. "आलीस? बस," असं कोणी म्हणत नाही. चादरीला सुरकुती पडत नाही.

इथून खोली चित्रातल्यासारखीच दिसते. डावीकडे खिडकी, मध्ये पलंग, समोर दार. मी ते सताड उघडून येते. ऊन दांडीवर आलं की दार वीतभरच उघडं उरलेलं असतं.

आणि मग कडेवर, कडीच्या जरा वर, चार बोटं येतात.

पहिल्यांदा मी ओरडले. आता ओरडत नाही. ती बिचारी रडत असते, सगळं अंग लावून ढकलत असते. मला तिची दया येते. आतून दार ओढून उघडावं म्हणून मी खुर्चीतून उठते, आणि उठले की तिथे कोणी नसतं. बसले की असते. तिच्या चेहऱ्याकडे मी बघत नाही. तिथे काही नाही, हे मला ठाऊक आहे.

"ये ना आत," मी म्हणते, अगदी ह्यांच्यासारखं, मायेने. "इतका जोर लागत नाही गं."

तिला ऐकू जात नाही. दार जिथे सोडलं तिथेच उभं राहतं.